गुरुजींचं पुडकं

टपालखर्चाचं काय विचारता! लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, त्यात दुष्काळ, आणि आमचं एका खोलीतलं प्रकाशन. लोह्याच्या एका म्हाताऱ्या गुरुजींनी आमचा कवितासंग्रह मागवला. त्यात त्यांच्या वारलेल्या बायकोची एक कविता होती आणि आमच्याकडं शेवटचीच प्रत उरली होती. व्हीपीपीचा, म्हणजे पोस्टमननं पैसे घेऊन घरपोच द्यायच्या टपालाचा, खर्च कळवला, तर त्यांचं कार्ड आलं, "पुस्तकापेक्षा टपाल महाग? मग राहू द्या."

मला राहवेना. गुरुजींना कार्डानं दिवस कळवून लोह्याच्या स्टँडवर थांबायला सांगितलं आणि त्या दिवशी नांदेडच्या एसटीच्या ड्रायव्हरकडं पुडकं दिलं.

संध्याकाळी शेजारच्या दुकानात त्यांचा ट्रंककॉल आला. "गाडीच आली न्हाई हो!"

डेपोत धावलो, तर गाडी अहमदपूरजवळ फेल झालेली, प्रवासी दुसऱ्या गाडीत बसवलेले आणि पुडक्याचं कुणालाच ठाऊक नाही. आता गुरुजींना कुठल्या तोंडानं सांगायचं? दोन दिवस डेपोत खेटे घालत राहिलो.

मग एका सकाळी दारात गुरुजीच उभे, धुळीनं माखलेले, पुडकं छातीशी धरून. त्यांनी लोह्याच्या स्टँडवर चौकशी करून अहमदपूर गाठलं, आणि तिथल्या डेपोत ओढून आणलेली ती गाडी शोधून, ड्रायव्हरच्या सीटखालून ते स्वतः काढलं होतं.

"गुरुजी, मग इथवर कशाला आलात?"

"तुमाला घोर लागला असंल म्हणून. अन् एक सांगतो, पुढल्या बारीला व्हीपीपीनंच धाडा. महाग हाय, पर पोस्टमन वाटंत फेल होत न्हाई."