शटर दीड हात वरच

नाही नाही, कवडूभाऊ, स्प्रिंगले हात लावू नका. स्प्रिंग चांगली आहे. तुमी इकडे या, ह्या डाव्या बाजूले — हे जे उभं चॅनल आहे नं, ज्याच्यातून शटर खाली सरकते, त्याच्या खालून दोन वीत वर पाहा. दिसला पोचा? बस, तेच दुखणं. तिथं येऊन पट्ट्या अडकतात अन् शटर दीड हात वरच राहते. — मले कसं माहीत? माहीत आहे बापा, डोळे आहेत नं मले. तुमी हातोडी काढा. सुपेल्यावरून एवढं पोट घेऊन सायकलवर आले तेच नवल, आता बिडी पेटवून बसू नका. अन् हळू मारा. गल्लीत आवाज गेला तर संध्याकाळी कोणी ना कोणी साहेबांले सांगन, मिस्त्री आला होता म्हणून — अन् मग झालं!

साहेब कोण म्हणजे? अहो, आमचे हे, रोलिंग मिलचे नरहरी फोरमन! सत्तावीस वर्षं तापून लाल झालेले रूळ डोळ्यासमोरून गेले त्याइच्या. रूळ धावत असतानाच सांगायचे, हा सूतभर वाकडा आहे, बाजूले काढा — अन् मोजलं की सूतभरच निघे. असा माणूस घरच्या गॅरेजसाठी मिस्त्री बोलावन? नाक कापलं जाईन नं त्याइचं. म्हणून तर ते दुर्गले गेले तसा मी तुमाले निरोप धाडला. कावून गेले? नवी स्प्रिंग आणायले! हसा, हसा. आठ दिवस झाले, कवडूभाऊ, आमच्या घरी एवढंच चालू आहे. पहिल्या दिवशी तेल झालं. मग ग्रीस — एवढं ग्रीस, की मांजर आत गेली पांढरी अन् निघाली काळी. मग म्हणाले, फरशी फुगली; छन्नी घेऊन फरशी फोडली, हे पाहा, हे खड्डे त्याचेच. परवा तर कहरच — उन्हानं पट्ट्या वाढून राहिल्या म्हणे, लोखंड आहे, तापलं की वाढते. सकाळी सहाले टेप लावला, दुपारी बाराले टेप लावला, टेप धरणार ते अन् आकडा वाचणार मी. म्हटलं, शटरले ताप चढला काय, थर्मामीटर देऊ? तर रागावले नाही, हसले. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा असे हसले, भाऊ. नाही तर दीड वर्ष व्हरांड्यातच बसून राहतात; प्लांटचा भोंगा वाजला की मनगट पाहतात, अन् पुन्हा बसतात.

पोचा? तो — दूधवाल्याची सायकल लागली असन. सायकलनं एवढा येत नाही? तुमी मिस्त्री की वकील? बरं, ट्रॅक्टर असन. आता स्मृति नगरात आमच्या गॅरेजपर्यंत ट्रॅक्टर कशाले येईन, हेही खरं आहे... मी मारली धडक. हो, मीच! फियाट मागे घेता घेता. आता तोंड मिटा, माशी जाईन. दिवाळीपासून साहेबांनं गाडी काढलीच नाही नं घरातून. कुठं जायचं म्हटलं की पेट्रोल महाग झालं, रिक्षा बोलाव. मले वाटलं, म्हातारपणी कंजूस झाला माणूस. तर शेजारच्या मथुराबाई गाडी चालवतात, त्याइच्याजवळ शिकून राहिली — दुपारी साहेब कूलरसमोर झोपले की. चार दिवस बरं चाललं. पाचव्या दिवशी ब्रेकच्या जागी भलतंच दाबलं.

मग मी वाट पाहत बसली. आता दिसन, आता ओरडतील. उत्तर बी तयार ठेवलं होतं. अन् साहेब ह्याच पोच्यासमोर पाटावर अर्धा तास बसले, त्याच्यावरच ग्रीस चोपडलं, अन् चहा मागितला. म्हटलं, मुद्दाम करून राहिले, मले छळून राहिले. दुसऱ्या दिवशीही तसंच. काल माझी गंमत संपली, कवडूभाऊ. धावत्या रुळाचं सूतभर वाकडेपण पाहणारा माणूस, अन् त्याले हातभरावरून बोटभर पोचा दिसत नाही? मग एकेक आठवत गेलं. टेपवरचा आकडा मी वाचायचा. पेपर मी वाचायचा — तू वाच, तुझा आवाज गोड आहे म्हणे — अन् मी सहा महिने लाजून लाजून वाचून राहिली! पेट्रोल महाग नव्हतंच झालं, भाऊ.

झालं सरळ? ओढा बरं — ओढा, ओढा — आलं! टेकलं जमिनीले! बापरे, केवढा अंधार झाला असन आत. हात चांगला आहे तुमचा, पोटाचं बोलली ते मागे घेते. आता असं करा, पुन्हा वर न्या, अन् चॅनलचा हा एक बोल्ट ढिला करा, हातानं चाचपलं की सापडन असा. तो साहेब स्वतः कसतील, शटर उतरन, मग आठ दिवस जगाले सांगत फिरतील. त्या खुशीत मी डोळ्याच्या डॉक्टरचा विषय काढीन. — नाटक कशाले? अहो, तुमी तरी बायकोनं सरळ सांगतलेलं कधी ऐकलं काय? नाही नं? मग पाना घ्या.

थांबा. रिक्षा आली. एवढ्या लवकर? — तेच आहेत. काखेत गुंडाळलेलं आहे काही, मिळाली वाटते स्प्रिंग. पाहा कसे ताठ चालून राहिले, जसा काही मेडल घेऊन — हे काय? ते मथुराबाईच्या फाटकाशी कावून गेले? कडी काढली. त्याइचं फाटक हिरवं आहे, आमचं पांढरं...

हसू नका, कवडूभाऊ.

दारापर्यंत गेले. मलेच हाका मारून राहिले. तिथं.

नाही, तो पाना ठेवा. काही ढिलं करू नका, राहू द्या बंद. मी सांगते त्याइले, सगळंच सांगते — अहो! मी इकडे आहे! उभे राहा तिथंच, पायरीवरून उतरू नका, मी येते घ्यायले!

तुमी जा आता. सायकल मागच्या बाजूनं काढा. जा म्हणते नं.