नॉर्म असा नव्हता!

...नाही, पण माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा! वय माझं अडुसष्ट, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, सिनेमा बघायला म्हणून गेलो, आणि मला दंडाला धरून बाहेर काढतात? मला?

सिनेमा तरी कुणावर? माझ्यावरच! तुम्हाला सांगतो, सत्त्याऐंशी साली पोलीस खात्यातल्या साहेबांनी मला इथे रॅव्हन्सबी गावात धाडलं. 'डेस, साध्या वेशात जा, फुटबॉलच्या दंगेखोरांत घूस, रंगारी आहे म्हणून सांग.' गेलो. पहिल्याच दिवशी गळ्यात संघाचा मफलर, डोक्यावर टोपी, छातीवर बिल्ला... आणि त्यांचा म्होरक्या नॉर्म टली, अंगात महागडा स्वेटर, मला खालून वर न्याहाळत म्हणतो, 'काढ रे ते सोंग! पोलिसांना मैलावरून दिसशील!' घ्या! पोलिसांपासून लपायचं कसं, हे मला दंगेखोराने शिकवलं.

दोन वर्षं त्यांच्यात राहिलो. बाटल्या उडायच्या, डोकी फुटायची, नाही कशाला म्हणू? पण मला ताप भरला तेव्हा आपल्या आईच्या हातचं सूप घेऊन चार मैल चालत कोण आला? नॉर्म! आणि माझ्या साक्षीवर अठरा महिने आत कोण गेला? तोही नॉर्मच. पोलीस होतो हो मी! माझं काय चुकलं? ...पण त्या दिवशी घास उतरला नाही, खरं सांगतो.

लवकर निवृत्ती घेतली आणि इथेच येऊन राहिलो, कारण त्या दरिद्री, सदा हरणाऱ्या संघाचं वेड लागलं होतं ना! दर शनिवारी सामन्याला नॉर्म माझ्या तीन रांगा पुढे. सव्वीस वर्षांत एक शब्द नाही. आमची बायको मॉरीन म्हणते, 'तूच आधी बोल की!' काय बोलू? तुरुंगातलं जेवण कसं होतं, विचारू?

तर परवा संघानेच क्लबाच्या हॉलमध्ये त्या सिनेमाचा खेळ ठेवला. बसलो, बघतो तर शेजारी नॉर्म! मानही वळवली नाही. पडद्यावर झाडून सगळे दंगेखोर मफलर गुंडाळून... मी गप्प. माझं काम करणारा नट म्हणजे मदनाचा पुतळा... मग तर मी अगदीच गप्प! पण पडद्यावरचा नॉर्म एका म्हाताऱ्याला लाथ घालतो? अहो, ऐन हाणामारीत एका आजोबांना हाताला धरून रस्ता ओलांडून देताना स्वतःचं नाक फोडून घेतलेला माणूस तो! मी उठलोच. 'खोटं आहे! नॉर्म असा नव्हता! बंद करा!' म्हणत हातातला लाह्यांचा पुडा पडद्यावर फेकला. बसला नटाच्या तोंडावर!

दिवे लागले. पोलीसबाई आली. 'दंगा कुणी केला?' सगळे छताकडे बघायला लागले. आणि नॉर्म सावकाश उठला, खाकरला... 'बाई, यानेच. मी डोळ्यांनी पाहिलं. साक्ष द्यायलाही तयार आहे.'

सव्वीस वर्षांनी माणूस बोलला, आणि बोलला काय, तर हे! माझं काय चुकलं हो?

बाहेर पायरीवर बसलो होतो, तर येऊन टेकला शेजारी. 'आता फिटंफाट, केव्ह.' केव्ह म्हणजे माझं तेव्हाचं खोटं नाव. डोळे भरून आले माझे. म्हटलं, 'अरे, मी डेस.' 'तू कुणी का असेनास! शनिवारी माझ्या रांगेत बस.'

आणि काल क्लबाचं पत्र. दंगेखोरीबद्दल सहा महिने मैदानात पाऊल टाकायचं नाही! साक्षीदार, नॉर्मन टली. तडक फोन लावला त्याला. हसतो कसला! 'अरे, मी अठरा काढले. तुझे सहाच आहेत, गपचूप काढ!'

काढतोय. दुसरं काय करणार?