रुजू झाले त्या दिवशीचे काका

ट्रेनिंग-बिनिंगचं कौतुक मला सांगू नका. पनवेलच्या ऑफिसात मी रुजू झाले, तेव्हा हेडक्लार्कनी एका टेबलाकडे बोट दाखवलं, "बसा, कळेल हळूहळू," म्हणाले आणि मीटिंगला गेले. मी बसले. कळेना काहीच.

तेवढ्यात टोपीवाले एक काका आले. "नवीन काय? आवक रजिस्टर खालच्या खणात हाय. ते कपाट लाथ मारल्याशिवाय उघडत नाय. आनि सायबांची सही जेवणाआधी घ्यायची, नंतर ते चिडतात."

तासभर ते सांगत होते आणि मी वहीत उतरवून घेत होते. शिक्का कुठे मारायचा, तेही त्यांनीच दाखवलं. मला वाटलं, इथूनच रिटायर झालेले असणार, जीव गुंतलाय बिचाऱ्यांचा.

मी चहा मागवला. "काका, रिटायर कधी झालात?"

"मी? मी गव्हाणचा. वडील वारले, सातबाऱ्यावर माझं नाव लावायचा अर्ज हाय." त्यांनी गठ्ठ्यातून न बघता एक फाईल ओढून माझ्यापुढे ठेवली. "या टेबलावर तुमी चौथ्या. शिकवून तयार केलं की बदली होते सगळ्यांची. म्हणून सांगतो, आजच करा."