शेवटचं पान रिकामं ठेवलंय

(बसवनगुडी, कन्नड मुलखातल्या शहरातली जुनी वस्ती, १९९८. नरसिंहरावांच्या घरची बैठकीची खोली. टेबलावर छापखान्यातून तपासायला आलेली पानं.)

तनय : काका, मी फोनवरच सांगणार होतो. पण काकू म्हणाल्या, घरी येऊनच सांग.

नरसिंहराव : मग सांग की लवकर! रविवारी इथल्या मराठी मंडळात माझ्या पुस्तकाचं प्रकाशन. इथल्याच शिवाजीनगरचा छापखानेवाला पाच वाजता पानं न्यायला येतोय. आमच्या घराण्याचा सगळा इतिहास झालाय छापून, फक्त शेवटचं पान तुझ्या लॅबच्या रिपोर्टसाठी रिकामं ठेवलंय. वर मथळा देऊन ठेवलाय, ‘रक्ताची साक्ष’.

कमला : स्वल्प थांबा हो. पोराला कॉफी तरी पिऊ दे.

नरसिंहराव : ‘थोडं’ म्हण, कमला. जन्म गेला माझा तुझं कन्नड सोडवण्यात. पुण्याचा मुलगा आहे, काय म्हणेल?

तनय : काही नाही म्हणणार, काका. माझ्याच मराठीची लॅबमध्ये खिचडी झालीये. तर… तुमच्या ब्लडमधला डीएनए आम्ही चेक केला. सातारा साइडच्या सॅम्पल्सशी फारसा मॅच नाहीये. डेटा कमी आहे, शंभर टक्के मी काहीच सांगत नाही. पण सगळ्यात जवळचे निघाले ते कोलारचे.

नरसिंहराव : कोलार? अरे, आमचे खंडोजी तीनशे वर्षांपूर्वी साताऱ्याहून घोड्यावर बसून आले! कोलारहून बसनं नाही आले!

तनय : खंडोजी यात येतच नाहीत. ही टेस्ट फक्त आईकडची. तुमची आई, तिची आई, तिची आई, अशी. ब्लड घेताना सांगितलं होतं मी.

नरसिंहराव : सांगितलं असशील. मी तेव्हा तुला खंडोजींची लढाई सांगत होतो.

कमला : डोळे गच्च मिटून. सुई बघवत नाही ना.

तनय : पण फॉर्मवर आईच्या आईचं गाव तुम्ही सातारा लिहिलंय.

नरसिंहराव : अंदाजे.

तनय : आणि नाव लिहिलंच नाही.

नरसिंहराव : ठाऊक असतं तर लिहिलं असतं! सहा वर्षं घातली रे या वंशावळीत. बारा पिढ्या तोंडपाठ. आणि आता बघतोय, ही बघ पानं… एक बाई नाही यात. पुरुषच पुरुष. केळीच्या कोंबासारखे एकाच्या बुडातून दुसरा उगवलेला. वा रे इतिहासकार!

तनय : रिपोर्ट छापायलाच हवा असं नाही, काका. कोणी विचारणारही नाही.

नरसिंहराव : बरोबर. मथळा बदलतो. ‘आभार’ करून टाकतो, काम झालं.

कमला : करा. पण कोलार काही खोटं नाही हं.

नरसिंहराव : तुला काय ठाऊक?

कमला : सासूबाईंनी सांगितलंय. तुमच्या आईचे वडील कोलारला कचेरीत कारकून होते ना, त्यांनी तिथलीच बायको केली. घरात सगळं कन्नडच. लेकीला आजीचं नाव ठेवलं, मुनियम्मा.

नरसिंहराव : कोण मुनियम्मा?

कमला : कोण म्हणजे? तुमची आई! लग्नात तुमच्या वडिलांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं ‘राजलक्ष्मी’ लिहिलं, झालं. ते तांदूळ भातात गेले, मुनियम्मा पण गेली.

नरसिंहराव : आणि हे इतकी वर्षं मला सांगावंसं वाटलं नाही तुला?

कमला : तुम्ही विचारलंत? वंशावळीसाठी तंजावरपर्यंत जाऊन आलात. स्वयंपाकघरात नाही आलात.

नरसिंहराव : मुनियम्मा… कमला, शेवटच्या दुखण्यात आई सारखी ‘नीरु, नीरु’ करायची.

कमला : हो.

नरसिंहराव : आणि मी उशाशी बसून म्हणायचो, ‘आई, पाणी म्हण. शुद्ध बोल.’

कमला : दिलंत की पण पाणी.

नरसिंहराव : ‘पाणी’ म्हणाली, तेव्हा दिलं. तापानं फणफणलेल्या आईची शिकवणी घेत होतो मी, शहाणा! लाज वाटते गं मला.

तनय : काका, मी नंतर येऊ का?

नरसिंहराव : बस. वेड्यांच्या बाजाराला एक साक्षीदार हवाच. ते शेवटचं पान घे, तुझं अक्षर बरं आहे. मथळा राहू दे. खाली लिही, ‘मुनियम्मा. सासरचं नाव राजलक्ष्मी. मूळ गाव कोलार.’

तनय : मंडळात लोक हसतील, काका.

नरसिंहराव : हसू देत. सहा वर्षं त्यांना खंडोजी ऐकवलाय, तेवढा हक्क आहे त्यांचा.

कमला : खाली जागा उरलीय का रे?

तनय : भरपूर, काकू. अख्खं पान आहे.

कमला : सरी, बरं झालं. मग माझं पण घाला. लग्नाआधीचं.

नरसिंहराव : घालू की! लिही, तनय…

तनय : हं, काका. काय लिहू?

कमला : अहो? ‘कमला’ तर तुम्हीच लिहिलंत तांदळावर. त्याच्या आधीचं विचारतेय मी.

नरसिंहराव : सांगू नकोस. स्वल्प थांब, कमला. स्वल्प थांब.