नाश्त्यासकट खोली

वॉर्ड ऑफिसच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या.

“गो मेघना, हय कित्याक आणलंस माका?”

“तक्रार करायला, आई. शेजारचा हर्षवर्धन खोली ॲपवर भाड्याने देतो. रोज येतात ती गिऱ्हाईकं आहेत, त्याचे पाहुणे नाहीत.”

“अगो बाय! मी तर रोज त्यांका पोहे नेऊन देतंय. पावणो उपाशी ठेवूचो काय?”

“ॲपवर तेच लिहिलंय. ‘नाश्ता फुकट, शेजारच्या आजी देतात.’ हा बघा तुमचा फोटो.”

“माझो फोटो? माका न इचारता?”

खिडकी आली.

“साहेब, एवढी तक्रार घ्या. शेजारी ॲपवर खोली भाड्याने देतो, वर गिऱ्हाईकांना नाश्ता फुकट म्हणून लिहितो.”

“ॲपवरच्या खोल्यांना अजून नियमच नाही, ताई. कशात घेऊ?”

“म्हणजे तो मोकळाच?”

“थांबा. गिऱ्हाईकांना खायला कोण घालतं म्हणालात?”

“मीच. रोज.”

“त्याला नियम आहे. लायसन दाखवा, आजी.”