डबीतली पंगत

सौंदडच्या फलाटावर गोंदियाच्या गाडीची वाट पाहत मंदाबाई पान चघळत बसली होती. शेजारी एक बाई होती आणि नव्या लुगड्यात पार बुडालेली दहा-बारा वर्षांची पोर. मायलेकी असतील असं समजून मंदाबाईनं कान दिला.

“त्या डबीत काय लपवून राहिली वं?”

“काई नाई.”

“खोल!”

“ह्या पुऱ्या, हे वडे, हे लाडू! तांदळाच्या पिठाचे केले. जिलबी पळसाच्या फुलानं रंगवली. बाहुलीच्या लग्नाची पंगत हाय!”

“अगं माय! जिलबी तं तुरीच्या दाण्याएवढी! अन् पुऱ्या इतक्या गोल कशा कापल्या?”

“एरंडाच्या नळीनं!”

“वड्यांले तडे गेले पाहा. पीठ थंड्या पाण्यानं मळलं ना?”

“हो.”

“उकळतं पाणी पाहिजे. अन् सावलीत वाळवायचं, उन्हात नाई.”

“तुमाले कसं मालूम?”

“थे राहू दे. डबी लपवली काऊन?”

“माय म्हणे, सासूले दिसली तं चुलीत टाकन.”

मंदाबाईचं पान तोंडातच राहिलं.

“मी टाकली का चुलीत?”

“नाई.”

“अन् बाहुली कुठं हाय?”

“मायनं आणू नाई देली.”

“मंग एवढी पंगत जेवन कोन?”

पोरीनं लुगड्याच्या पदरात तोंड लपवलं.

“रडू नको वं! माह्या पेटीत बाहुला हाय. नवरी होऊन आली, तवा लुगड्यात लपवून आणला होता. माह्या सासूले मरेपर्यंत पत्ता नाई लागला.”

“खरंच?”

“खरंच! चाल, गाडी आली. वीस सालाचा उपाशी हाय थो.”