गच्चीवर जंगल नको

भाईंदरच्या मासळी बाजारात माझ्यापुढे एकाच सोसायटीतल्या दोघी उभ्या होत्या. एकीसोबत सहा वर्षांची लेक.

“स्वाती, मुलांना गच्चीवर दाखवायची ती जंगलाची सीडी बघितलीस?”

“बघितली. नको गं बाई! सिंहीण जिवंत हरणाला धरते.”

“तेवढं फॉरवर्ड करू.”

“मग उरतं काय, गवत? आणि आमची समिधा फार हळवी आहे. आठवडाभर जेवायची नाही. मावशी, चिंबोऱ्या जिवंत आहेत ना?”

“जित्या हायेत बाय, बघ ना.”

“समिधा, जास्त वळवळतेय ती निवड. मावशी, नांग्या मोडून द्या.”

“आई, नांग्या मी मोडणार! मागच्या रविवारीपण मीच मोडल्या होत्या.”

“बरं, मोड. पण फ्रॉकला डाग पाडू नकोस.”